दहा शर्टांपुरता भाऊ

शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात दोनशे चाळीस माणसं काम करायची आणि एक माणूस त्यांच्याकडे बघायचा. बघण्याचाच त्याला पगार होता. गळ्यात स्टॉपवॉच, बगलेत पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर तक्ता, आणि तोंडावर असा भाव, की सूर्यसुद्धा सकाळी याला विचारून उगवत असावा. कॉलर बसवायला किती सेकंद, बाही जोडायला किती, काजं करायला किती, हे तो मोजायचा. त्यावरून वरच्या मजल्यावरचे लोक ठरवायचे, की दिवसात किती कॉलरी बसवल्या म्हणजे माणसाला माणूस म्हणायचं. आईवडिलांनी त्याचं नाव चांगलं ठेवलं होतं, पण कारखान्यात ते कुणाला ठाऊक असलं तर शपथ. तोंडावर सगळे 'साहेब' म्हणायचे आणि पाठ वळली की 'सेकंदराव'. त्याला ते माहीत होतं, आणि मनातल्या मनात आवडायचंही. मिनिटराव म्हणाले असते तर मात्र त्याचा अपमान झाला असता.

स्टॉपवॉच घरी न्यायला परवानगी नव्हती, हे त्याच्या घरच्यांचं नशीब. पण डोक्यातलं घड्याळ कोण काढून ठेवणार? आंघोळ सहा मिनिटं, दाढी चार, चहा तीन. चहा जास्त गरम असला तर चार, आणि ते जास्तीचं एक मिनिट बायकोमुळे गेलं असं समजायचं. बायकोही काही कमी नव्हती.

"अहो, जरा ऐका तरी."

"थोडक्यात सांग."

"थोडक्यात सांगायचं तर तुमच्याशी लग्न करून चुकले."

"बघ, जमतं की तुला," तो म्हणायचा आणि बूट घालायला लागायचा.

बायको कपाळाला हात लावायची. बोलून उपयोग नाही हे तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं, पण न बोलून तरी कुठे उपयोग होता, म्हणून ती बोलायची. तो मात्र खरोखर समजत होता की आपण वेळ वाचवतो. रोजची चाळीस-पंचेचाळीस मिनिटं वाचतात, असं तो अभिमानाने सांगायचा. त्या वाचवलेल्या मिनिटांचं तो पुढे काय करायचा, हे विचारू नका. खिडकीशी बसून उद्या आणखी कुठे वाचवता येतील याचा विचार करायचा.

आता त्याच्या बहिणीची गोष्ट. त्याच कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक दालनात, खिडकीकडच्या रांगेत सहाव्या मशीनवर एक बाई शर्टांना बटणं लावायची. ती त्याची थोरली बहीण, ताई. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा आणि ताई पंधराची. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईने शाळा सोडली, कारखान्यात लागली, आणि संध्याकाळी घरी येऊन याच्याकडून पाढे घोकून घेतले. एकोणतीसचा पाढा याला आजही झोपेतून उठवलं तरी येतो, तो तिच्यामुळे. पुढे हा शिकला तेव्हा तिनेच जुन्या साहेबांच्या मागे लागून याला कारखान्यात चिकटवलं. याचं लग्न लावून दिलं आणि तिचं स्वतःचं राहून गेलं. कसं राहून गेलं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "वेळच नव्हता बाई तेव्हा." तो वेळ कुठे गेला हे मोजायला तेव्हा कुणी नेमलेलं नव्हतं, नाहीतर सापडला असता.

ताई राहायची कारखान्याच्या मागच्या गल्लीत, एका खोलीत. आधी हा दर रविवारी तिच्याकडे जायचा. मग एकदा त्याने हिशेब मांडला: जायला चौदा मिनिटं, यायला चौदा, बसणं वीस. अठ्ठेचाळीस मिनिटांत हाती काय लागतं? तर गुडघा कसा ठणकतो, नळाला पाणी कधी येतं आणि 'तू फार वाळलास रे'. तीन वाक्यं! तीन वाक्यं काय, फोनवरही होतात. तेव्हापासून रविवारी सकाळी फोन. तोही तीन मिनिटं, म्हणजे वाक्याला एक. बायको मात्र ताईकडे जायची, तासन्‌तास बसायची. "मला मोजता येत नाही ना," म्हणायची, "म्हणून मला परवडतं."

कारखान्यात तरी भावाबहिणीची भेट व्हायची का? व्हायची ना! वर्षातून तीनदा, मोजणीच्या वेळी. तो तिच्या मशीनजवळ हातभर अंतरावर उभा राहायचा आणि ती काम करायची. मोजताना कामगाराशी बोलायचं नाही, असा नियम होता. हा नियम तर याने जपायचाच, पण बहिणीच्या बाबतीत दुप्पट जपायचा, कारण लोक काय म्हणतील? ती एकदा मान वर करून त्याच्याकडे बघायची आणि हसायची. तक्त्यात 'अनावश्यक हालचाल' असा एक खाना होता. त्यात तो एक रेघ मारायचा.

मोजणीची पद्धत साधी होती. एका माणसाचे सलग दहा शर्ट मोजायचे. ताईचं काम म्हणजे ढिगातून शर्ट ओढायचा, पट्टी सरळ करायची, आठ बटणं मशीनखाली धरून टाचायची, दोरे कापायचे आणि शर्ट पलीकडे टाकायचा. एक शर्ट झाला की स्टॉपवॉचची कळ दाबायची आणि आकडा लिहायचा. दहाही आकडे एकमेकांच्या जवळपास आले की काम संपलं, पुढच्या मशीनवर जायचं. एखादा आकडा भलताच आला, बटण पडलं, दोरा अडकला, तर मात्र आणखी पाच शर्ट मोजायचे. त्यातही गडबड झाली तर आणखी पाच. सगळ्या कारखान्याला हे पाठ होतं.

त्या वर्षी वरच्या मजल्यावर नवे मोठे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी एक नवं यंत्र मागवलं. आठही बटणं एका दमात टाचणारं. यंत्र आलं म्हणजे माणसं जाणार, हे काही कुणी समजावून सांगायला नको. साहेबांनी सेकंदरावाला बोलावलं आणि म्हणाले, "दालनातली सगळी माणसं नव्याने मोजा. ज्याच्या त्याच्या कामात सगळ्यात हळू दहा कोण, त्यांची यादी मला द्या. त्यांच्या जागी बटणवाले बसवू. कशासाठी ते कुणाला सांगायचं नाही."

"अर्थातच," सेकंदराव म्हणाला. इतकं महत्त्वाचं काम त्याच्याकडे पूर्वी आलं नव्हतं, छाती फुगली नुसती.

आणि कुणाला सांगायचं नाही म्हटलेली गोष्ट कारखान्यात किती वेळात पसरते, हे त्याने कधीच मोजलं नव्हतं. डबे उघडायच्या आत दालनभर झालं, की यंदा मोजणी नोकरीवर आहे. दुसऱ्या दिवशी तो उतरला तर दालनाला चाकं लागलेली. एरवी दर बाहीला जांभया देणारा बाहीवाला असा काही सुटला, की बाही आधी आणि शर्ट मागून. कॉलरवाली, म्हणजे ताईच्या शेजारच्या मशीनवरची बाई, दातात सुया धरून अशी झपाझप कामाला लागली की तिच्याकडे बघून धाप लागावी. सेकंदरावाला वाटलं, आपला दरारा! बिचारा. नोकरीच्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लोक त्याला घाबरले होते, आणि ते त्याला नाही, यादीला घाबरले होते.

फक्त ताईला कुणी काही सांगितलं नाही. का सांगतील? सख्खा भाऊ मोजणारा, त्याने आधीच सांगितलं असणार, असं जो तो धरून चालला. आणि भावाने सांगितलं नाही, कारण नियम. झालं.

तो ताईच्या मशीनपाशी आला. ती मान वर करून हसली. रेघ. मग तिने शर्ट ओढला, पट्टी सरळ केली, परत एकदा सरळ केली, बटण उजेडात धरून पाहिलं. एकोणपन्नास सेकंद. पुढचा बावन्न. आठव्या शर्टाला तिच्या हातातून बटण पडलं, ती वाकून शोधत बसली. पाच शर्ट वाढले. चौदाव्याला दोरा संपला, तो तिने आरामात ओवला, जणू दुपारची उन्हाला बसलीय. आणखी पाच वाढले. वीस शर्ट झाले तेव्हा सरासरी आली एक्कावन्न. तिच्या पलीकडच्या, बटणंच लावणाऱ्या नवख्या मुलीची आली होती चाळीस.

'वय झालं,' तो मनात म्हणाला. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पाचेक सेकंद वाटलं असेल. मग तो पुढच्या मशीनवर गेला.

यादी तयार झाली. दहा नावं, आणि चौथं नाव ताईचं. त्याने ते नाव लिहिलं आणि लगेच त्याच्या अंगात न्यायाधीश संचारला. बहीण म्हणून वगळलं असतं तर? मग या पाटीला काय अर्थ राहिला? आपण किती निःपक्षपाती आहोत, या विचाराने त्याला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं, की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. म्हणून संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला सांगितलं.

बायकोचा हात ताटातच थांबला. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली. तो वेळ त्याने मोजला नाही, तिचा चेहराच तसा होता.

"ताईंचं नाव? तुम्ही लिहिलंत? स्वतःच्या हाताने?"

"मी नाही लिहिलं. आकड्यांनी लिहिलं."

"आकड्यांना हात असतात होय? आणि त्यांना सांगितलंत का, असं असं आहे म्हणून?"

"सांगायचं नसतं. नियम आहे."

"चुलीत घाला तो नियम!" बायको कडाडली. "त्या खोलीत एकट्या असतात त्या. कारखाना सुटला तर करणार काय दिवसभर? भिंतीशी बोलणार? अडतीस वर्षं झाली तिथे. आणि हळू कसल्या हो? परवाच सांगत होत्या मला, दिवसाला अठ्ठावीस गठ्ठे निघतात म्हणून. त्या रांगेत एवढे कुणाचेच निघत नाहीत."

आता गंमत बघा. बहिणीची नोकरी जाणार, ती एकटी पडणार, हे ऐकून या गृहस्थाचा घास अडकला नाही. घास अडकला तो 'अठ्ठावीस' ऐकून. पंचवीस शर्टांचा एक गठ्ठा. दिवसाचं काम साडेसात तास, म्हणजे सत्तावीस हजार सेकंद. त्याला एक्कावन्नने भागलं तर पाचशे एकोणतीस शर्ट. म्हणजे एकवीस गठ्ठे आणि वर चार शर्ट. एकवीस! अठ्ठावीस येऊच शकत नाहीत. जमतच नाही. एक तर ताई खोटं बोलते, नाहीतर गणित खोटं बोलतं. ताई कधी खोटं बोलत नाही हे त्याला माहीत होतं, आणि गणित त्याला ताईनेच शिकवलं होतं.

सकाळी तो पहिल्यांदा गेला बांधणीखात्यात. तिथे कोण किती गठ्ठे पाठवतं त्याची नोंदवही असते. एकोणीस वर्षांत त्याने ती कधी उघडून पाहिली नव्हती, कारण ती खोली वेगळी, ते खातं वेगळं, आणि मधे एक भिंत. त्याने पानं उलटली. ताईच्या नावापुढे अठ्ठावीस, एकोणतीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. फक्त मोजणीच्या दिवशी सत्तावीस. स्टॉपवॉच बिघडलं म्हणावं तर बाकीच्यांचे आकडे बरोबर जुळत होते. एकट्या ताईचंच माप चुकलं होतं.

तो धापा टाकत मोठ्या साहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे दालनातल्या एकशे चाळीस माणसांची मापं बरोबर, आणि फक्त तुमच्या बहिणीचं चुकलं. वा! काय योगायोग आहे, राव."

"साहेब, मी बहिणीसाठी म्हणत नाही. गणित जमत नाही म्हणून म्हणतोय."

हे तो अगदी खरं बोलला, आणि त्याएवढं लाजिरवाणं खरं त्या खोलीत कुणी बोललं नसेल.

"ठीक आहे," साहेब उठले. "मी स्वतः मोजतो. तुम्ही तिथे फिरकायचं नाही. लांब, इस्त्रीच्या टेबलापाशी उभे राहा."

साहेब स्टॉपवॉच घेऊन ताईच्या मशीनपाशी गेले. सेकंदराव इस्त्रीच्या टेबलामागे उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो बहिणीला लांबून काम करताना बघत होता, आणि बघतच राहिला. ताईने मान वर केलीच नाही. शर्ट ओढला, झटक्यात सरळ, टक टक टक टक आठ बटणं, कात्री, पलीकडे. पुन्हा शर्ट. बटण पडलं नाही, दोरा अडकला नाही. पंधराव्या वर्षापासून हे काम करणारे ते हात, त्यांना नजरेची गरजच नव्हती. दहा शर्ट संपले तेव्हा साहेब आकड्यांकडे बघत राहिले. चौतीस, तेहेतीस, चौतीस, चौतीस. सगळे तसेच, एका माळेतले.

"बाई, एवढ्या भरभर?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही लवकर जावं म्हणून," ताई म्हणाली.

कॉलरवाली खुदकन हसली आणि तिने तोंडावर हात धरला. साहेबही हसायचे राहिले नाहीत. "आणि मग परवा तुमचा भाऊ मोजत होता, तेव्हा काय झालं होतं? तेव्हा एक्कावन्न कसे?"

ताईला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. यादी तिला ठाऊकच नव्हती. ती सहज म्हणाली, "तो असला की मी सावकाश करते, साहेब. दहा शर्ट एकसारखे झाले की जातो तो. बटण पडलं की पाच शर्ट जास्त थांबतो. घरी यायला त्याला वेळ मिळत नाही, खूप काम असतं त्याला. इथे तरी डोळे भरून बघायला मिळतो. बोलायचं नसतं, पण उभा तर असतो ना जवळ."

कॉलरवाली हसायची थांबली. मग तिनेच न राहवून म्हटलं, "अगं बाई, तुला माहीत नाही? यंदाची मोजणी नोकरीची होती! दहा जणांना काढणार आहेत. आम्हाला वाटलं, तुझ्या भावाने तुला सांगितलं असेल."

ताईने मान वळवून इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर फार बरं झालं असतं, त्याला निदान मान खाली घालता आली असती. ती नुसती बघत होती, जणू त्यालाच काही लागलंय का हे तपासत होती.

त्याच्या डोक्यातलं घड्याळ मात्र तेवढ्यातही चालूच होतं, काय करणार! चौतीसने दहा शर्ट म्हणजे पाच मिनिटं चाळीस सेकंद. एक्कावन्नने वीस शर्ट म्हणजे सतरा मिनिटं. म्हणजे हळू काम करून, बटणं पाडून, दोरे ओवून ताईने दर मोजणीला त्याची अकरा मिनिटं आणि वीस सेकंद मिळवली होती. वर्षातून तीन मोजण्या. वर्षाला चौतीस मिनिटं. एवढ्यासाठी तिने अडतीस वर्षांची नोकरी घालवायला काढली होती, आणि तिला कुणी आधी सांगितलं असतं तरी तिने ती घालवलीच असती, हे त्याला लख्ख कळलं. त्याला इतकी लाज वाटली, की इस्त्रीचा चटका बसतोय हेही कळलं नाही. हात बाजूला घ्यायला इस्त्रीवाल्याने ओरडून सांगावं लागलं.

साहेबांनी त्याला वर बोलावलं आणि पुढ्यात एक कागद टाकला. दोन मापांत एवढा फरक पडला की हा कागद भरायचा असतो, आणि त्यावर फरकाचं कारण लिहायचं असतं.

"वाचा," साहेब म्हणाले.

तो कागद त्यानेच बारा वर्षांपूर्वी बनवलेला होता. दोनच खाने. 'कामगाराने जाणूनबुजून वेळ वाढवला', असा एक. त्यात खूण केली की कामगाराला त्याच दिवशी काढायचं, काही विचारायचं नाही. 'मोजणाऱ्याची चूक', असा दुसरा. त्यात खूण केली की त्याने त्या खेपेस घेतलेली सगळी मापं रद्द आणि मोजणाऱ्याला मोजणीवरून हटवायचं. दुसरा खाना त्याने नुसता शोभेला ठेवला होता. तिथे कधी कुणी खूण करील, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"पहिल्यात खूण केली तर यादीतली बाकीची नऊ नावं शाबूत राहतील," साहेब म्हणाले. "दुसऱ्यात केली तर यादी गेली, आणि तुम्हीही गेलात. मला काय, मी दुसरा माणूस आणीन, सहा महिन्यांनी पुन्हा यादी करीन. बाईंनी वेळ वाढवला हे सगळ्या दालनाने ऐकलंय. तुम्ही कधी खोटी नोंद केली नाही, असं तुम्हीच सांगता. तेव्हा खरं काय ते लिहा."

सेकंदराव कागदाकडे बघत बसला. ताईने जाणूनबुजून वेळ वाढवला होता, यात शंकाच नव्हती. एकोणीस वर्षं वाढवत आली होती. हा पाच वर्षांचा होता तेव्हापासून वाढवत आली होती, तो वेळ याच्याच पदरात टाकत आली होती. आणि हा हातभर अंतरावर उभा राहून रेघा मारत होता. मग चूक कुणाची?

त्याने दुसऱ्या खान्यात खूण केली, सही केली आणि पाटी टेबलावर ठेवली. आणि खरं सांगायचं तर, इतकी खरी नोंद त्याने त्या कारखान्यात पहिल्यांदाच केली होती.

"विचार करा," साहेब म्हणाले. "बटणांच्या गोदामात जावं लागेल. गोण्यांतली बटणं मोजायला."

"जातो," तो म्हणाला.

दहाही माणसं कामावर राहिली. सहा महिन्यांनी काय होईल ते कुणाला माहीत होतं, पण सहा महिने म्हणजे काही थोडेथोडके नाहीत, ज्यांना हवे असतात त्यांच्यासाठी. दालनात बातमी पसरली तेव्हा बाहीवाला म्हणाला, "सेकंदरावाचा गोणीराव झाला." लोक हसले. पण त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी, बहुतेक कॉलरवालीनेच, त्याचं खरं नाव काय म्हणून ताईला विचारलं.

दुसऱ्या दिवशी गोदामात दुपारची सुट्टी झाली तेव्हा तो दुसऱ्या मजल्यावर गेला. दालन रिकामं होत होतं, ताई मशीनवरचं कापड झटकत होती. तो नेहमीच्या जागी, हातभर अंतरावर, जाऊन उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की आता एवढं अंतर ठेवायची गरज नाही, आणि तो अर्धा हात पुढे सरकला. तेवढं सरकायलाही त्याला अवघड गेलं.

"काय लिहिलंस रे कागदावर?" ताईने विचारलं. "सगळे काहीबाही सांगतायत."

"माझी चूक झाली म्हणून लिहिलं."

"वेडा आहेस. माझ्यामुळे तुझं काम गेलं." तिचा चेहरा पडला. मग आणखी काहीतरी लक्षात येऊन आणखीच पडला. "म्हणजे आता मोजायला नाही येणार तू?"

नोकरी वाचलेल्या बाईचं तोंड ते. त्यावर आनंद शोधूनही सापडला नसता. त्याला भडभडून आलं. किती थोडक्यात भागवलं होतं आपण हिचं, असं त्याला वाटलं, आणि ते त्याने बोलूनही दाखवलं असतं, पण सवय नव्हती.

"येईन की," तो म्हणाला. "रोज येईन. संध्याकाळी घरीपण येईन."

"कशाला?"

कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते सगळं त्याला तोंडपाठ होतं, पण या प्रश्नाचं उत्तर त्याच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

"असाच," तो म्हणाला.

"असाच?" ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने घाईघाईने हात पदराला पुसला आणि तळवा त्याच्या कपाळाला लावून पाहिला. ताप नव्हता.